लाल शहाजादी : मरियम फिरूज यांचे जीवन आणि एक अनुत्तरित प्रश्न



या शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापिकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी प्रथम आपले आभार मानतो. मुलींच्या शिक्षणासाठी बाईंनी आयुष्य वेचले. तेव्हा विषय स्त्रीजीवनाशी निगडित असावा हे ओघानेच आले. परंतु मी आपल्याला महाराष्ट्रात वा बंगालमध्ये नेणार नसून इराणमध्ये नेणार आहे, आणि ज्या स्त्रीविषयी बोलणार आहे तिचे नाव सभागृहातील बहुतेकांनी ऐकलेले नसेल. मरियम फिरूज हे ते नाव. जन्म १९१३-१४ च्या सुमाराचा आणि मृत्यू २००८ मधला. काजार राजघराण्यात ती जन्मली, कम्युनिस्ट झाली, इराणी स्त्रियांच्या संघटनेची नेता झाली, भूमिगत राहिली, हद्दपारीत वृद्ध झाली, आणि क्रांतीनंतर ज्या राजवटीचे समर्थन केले तिच्याच तुरुंगात सत्तरीच्या उंबरठ्यावर जाऊन पडली.

इराण आपल्याला वाटतो तितका परका नाही. निजामाच्या दरबारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कारभाराची भाषा फारसीच होती, हे या हैद्राबाद शहरात निराळे सांगायला नको. आपण मराठी माणसे दिवसातून दहा वेळा फारसी बोलतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पडदा, चादर, जनाना, कैद, फर्मान, शहाजादा हे शब्द कोशात न पाहता आपल्याला कळतात. आज जे चरित्र सांगायचे आहे त्याचा निम्मा आशय या सहा शब्दांत आहे. उरलेला निम्मा आशय मात्र एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्नही आपल्या घरचाच आहे. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा वाद आपल्याकडे टिळक-आगरकरांच्या पिढीने घातला. मरियम फिरूज यांनी तोच प्रश्न आपल्या परीने सोडवला आणि त्या उत्तराची किंमत स्वतः चुकती केली. म्हणून हे चरित्र मला अभ्यासनीय वाटते.

फर्मानफर्मांचे घर

मरियमचे वडील अब्दुल हुसेन मिर्झा. ‘फर्मानफर्मा’, म्हणजे फर्माने काढणारा, हा त्यांचा किताब. काजार घराण्यातील अब्बास मिर्झाचे ते नातू. मुजफ्फरुद्दीन शाहची कन्या त्यांची पहिली पत्नी होती. कर्मानशाह, फार्स अशा प्रांतांचे सुभेदारपद त्यांनी भूषविले आणि १९१५-१६ च्या हिवाळ्यात काही महिने ते देशाचे पंतप्रधानही होते. इराणमधील अत्यंत धनाढ्य जमीनदारांत त्यांची गणना होई. त्यांना अनेक बायका होत्या आणि मुले तिसाहून अधिक. मरियमचा जन्म कर्मानशाहचा.

अशा घराची रचना दुहेरी असे. बाहेरचा भाग पुरुषांचा, राजकारणाचा आणि पाहुण्यांचा; आतला, ज्याला इराणी लोक ‘अंदरून’ म्हणतात, तो स्त्रियांचा. या दोन्हींच्या मधली भिंत केवळ विटांची नव्हती. बाहेर देशाचे भवितव्य ठरे आणि आत ते कळे, तेही कळवावेसे वाटले तर. फर्मानफर्मा मात्र एका बाबतीत आपल्या काळापुढे होते. मुलांप्रमाणे मुलींनाही शिकवले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मरियम फ्रेंच शिकली, वाचू लागली. तथापि शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या या पित्याने लग्नाचा अधिकार स्वतःकडेच ठेवला. वयाच्या सुमारे सोळाव्या वर्षी तिचे लग्न इस्फंदियारी घराण्यातील एका लष्करी अधिकाऱ्याशी लावून देण्यात आले. सासरा राजकारणातला मातब्बर माणूस होता. दोन घराण्यांचे हित त्या विवाहात जुळत होते. तिला दोन मुली झाल्या. वडील १९३९ मध्ये वारले, त्यानंतर तिने घटस्फोट घेतला. वडील हयात असेतो ती त्या संसारात राहिली, ही गोष्ट त्यांचा धाक किती होता ते सांगून जाते.

या काळात घराण्यावर दुसरेही आघात झाले. फेब्रुवारी १९२१ च्या लष्करी उठावानंतर फर्मानफर्मांना आणि त्यांच्या थोरल्या मुलांना अटक झाली. उठावात पुढे आलेला लष्करी अधिकारी रझा खान १९२५ मध्ये स्वतःच शाह झाला आणि काजार राजवट संपली. मरियमचा थोरला सावत्र भाऊ नुसरतुद्दौला फिरूज मिर्झा हा १९१९ च्या इंग्रज-इराण कराराचा एक शिल्पकार होता. पुढे तो रझा शाहचा अर्थमंत्री झाला, १९२९ मध्ये मर्जीतून उतरला, आणि १९३८ मध्ये नजरकैदेत असताना मारला गेला. या भावावर मरियमची माया होती. तिच्या बंडखोरीचे मूळ केवळ पुस्तकांत शोधणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. राजसत्तेचा पहिला चटका तिला स्वतःच्या घरातच बसला होता.

तिच्या आधीच्या स्त्रिया

मरियम फिरूज यांच्यापासून इराणमधील स्त्री-चळवळीला प्रारंभ झाला असे समजणे चूक ठरेल. १९०६ च्या घटनात्मक क्रांतीत स्त्रियांनी भाग घेतला, परंतु त्याच क्रांतीतून निघालेल्या निवडणूक कायद्याने त्यांना मताधिकारापासून वगळले. १९१० मध्ये तेहरानमध्ये ‘दानेश’ हे स्त्रियांचे पहिले नियतकालिक निघाले. १९१९ मध्ये सिद्दीके दौलताबादी यांनी इस्फहानमध्ये ‘जबाने जनान’, म्हणजे ‘स्त्रियांची वाणी’, हे पत्र काढले. १९२२ च्या सुमारास मुहतरम इस्कंदरी यांनी देशभक्त स्त्रियांची एक संस्था स्थापली. रझा शाहच्या अमदानीत मात्र स्वतंत्र संस्था एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांची जागा सरकारी आश्रयाखालील मंडळाने घेतली.

जानेवारी १९३६ मध्ये शाहने चादर घेण्यावर बंदी घातली. रस्त्यात पोलीस बायकांच्या डोक्यावरील वस्त्र ओढून काढू लागले. काही स्त्रियांना ही मुक्ती वाटली, तर अनेक वृद्ध आणि गरीब स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. त्याच शाहने स्त्रियांना विद्यापीठाचे दार उघडून दिले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु चादर काढावी की ठेवावी हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा नसून राज्यकर्त्याचा आहे, हा पायंडा १९३६ मध्ये पडला. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी तोच पायंडा उलट्या दिशेने वापरला गेला.

तूदे पक्ष आणि स्त्री-संघटना

ऑगस्ट १९४१ मध्ये इंग्रज आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये उतरल्या. रझा शाहला सिंहासन सोडावे लागले आणि त्याचा तरुण पुत्र मुहम्मद रझा गादीवर आला. तुरुंगांची दारे उघडली, वृत्तपत्रे निघू लागली, पक्ष स्थापन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस तूदे पक्षाचा जन्म झाला. ‘तूदे’ म्हणजे जनसमूह, बहुजन. पक्ष मार्क्सवादी होता, पण आरंभीच्या काळात त्याने स्वतःला कम्युनिस्ट म्हणवून घेण्याचे टाळले. कामगार संघटना, शिक्षक, डॉक्टर, लेखक, विद्यार्थी यांच्यात तो झपाट्याने पसरला.

मरियम फिरूज या पक्षात आल्या तेव्हा त्या तिशीत होत्या, घटस्फोटित होत्या आणि दोन मुलींची आई होत्या. आडनाव म्हणून त्यांनी ‘फिरूज’ हे नाव वापरले. ते त्यांच्या आजोबांचे नाव होते आणि मारल्या गेलेल्या भावानेही तेच आडनाव घेतले होते. वृत्तपत्रांनी त्यांना ‘लाल शहाजादी’ म्हणायला सुरुवात केली. या नावात कुतूहल होते आणि कुचेष्टाही होती. घराण्याने नाके मुरडली, तर पक्षातील काहींनी जमीनदाराच्या या मुलीकडे संशयाने पाहिले.

१९४४ च्या सुमारास त्यांनी नूरुद्दीन कियानूरी यांच्याशी विवाह केला. कियानूरी जर्मनीत शिकून आलेले वास्तुविशारद होते आणि पक्षातील पुढच्या फळीचे कार्यकर्ते होते. त्यांचे आजोबा म्हणजे शेख फजलुल्लाह नूरी. शरियतच्या नावाने घटनेला विरोध करणाऱ्या या धर्मपंडिताला घटनावाद्यांनी १९०९ मध्ये तेहरानमध्ये जाहीर फाशी दिले होते. एकीकडे काजार राजपुत्राची मुलगी, दुसरीकडे फाशी गेलेल्या शेखाचा नातू, आणि दोघेही साम्यवादाच्या झेंड्याखाली! जुन्या इराणचे दोन खांब होते, दरबार आणि धर्मपीठ. या दांपत्यात ते दोन्ही एकत्र आले होते, पण स्वतःविरुद्ध बंड करून.

१९४३ मध्ये तूदेच्या प्रेरणेने ‘इराणी स्त्रियांची संघटना’ उभी राहिली आणि ‘बेदारिये मा’, म्हणजे ‘आमची जागृती’, हे तिचे मासिक निघाले. या संघटनेच्या प्रमुख नेत्यांत मरियम फिरूज होत्या. संघटनेच्या मागण्यांकडे नीट पाहावे. स्त्रियांना मताधिकार, समान कामाला समान वेतन, गरजू मातांना साहाय्य, मुलींना शिक्षण. आधीच्या पिढीतील संस्था बहुधा सुशिक्षित घरांतील स्त्रियांच्या होत्या. आता कापडगिरणीतील बाईचा प्रश्न प्रथमच स्त्रियांचा प्रश्न म्हणून मांडला गेला. १९४४ मध्ये तूदेच्या प्रतिनिधींनी चौदाव्या मजलिसमध्ये स्त्री-मताधिकाराची सूचना आणली. ती मंजूर होणे शक्यच नव्हते. तथापि १९४५-४६ मध्ये अझरबैजानात सोव्हिएत फौजांच्या छायेत जे स्वायत्त सरकार वर्षभर टिकले, त्याने स्त्रियांना मत दिले. इराणच्या भूमीवर स्त्रियांनी मतदान करण्याचा तो पहिला प्रसंग. ते सरकार डिसेंबर १९४६ मध्ये कोसळले आणि त्याबरोबर तो अधिकारही गेला.

मरियम फिरूज यांची वैचारिक भूमिका याच वर्षांत घडली आणि ती अखेरपर्यंत फारशी बदलली नाही. स्त्रीची गुलामी ही समाजरचनेतून, मालमत्तेच्या संबंधांतून येते. म्हणून स्त्रीमुक्तीचा लढा कष्टकऱ्यांच्या लढ्यापासून तोडता येत नाही. पुरुषांविरुद्ध स्त्रिया अशी मांडणी वरच्या वर्गातील स्त्रियांच्या सोयीची असून तिने गिरणीतल्या बाईचे पोट भरत नाही, असा या भूमिकेचा सारांश. तिच्यात तथ्य आहे हे कोणीही प्रामाणिक माणूस मान्य करील. ज्या स्त्रीने अंदरूनमधील शहाजादी आणि तिची दासी या दोघींना एकाच छताखाली पाहिले होते, तिला स्त्रियांमधील वर्गभेद कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

भूमिगत वर्षे

४ फेब्रुवारी १९४९ रोजी तेहरान विद्यापीठात शाहवर गोळ्या झाडल्या गेल्या. शाह बचावला आणि तूदे पक्षावर बंदी आली. कियानूरी पकडले गेले, त्यांना शिक्षा झाली, आणि डिसेंबर १९५० मध्ये इतर नेत्यांसह ते तुरुंगातून निसटले. मरियम फिरूज भूमिगत झाल्या. पुढे डॉ. मुसद्दिक यांचे सरकार आले, तेल-राष्ट्रीयीकरणाचा लढा झाला, आणि ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकन व ब्रिटिश गुप्तहेर यंत्रणांच्या साहाय्याने ते सरकार उलथवले गेले. त्यानंतर तूदेवर जी धरपकड कोसळली तिच्यात लष्करातील पक्षाचे गुप्त जाळे १९५४ मध्ये उघडकीस आले आणि अनेक अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

या वर्षांवर मरियम फिरूज यांनी पुढे ‘चेहरेहाये दरख्शान’, म्हणजे ‘तेजस्वी चेहरे’, हे पुस्तक लिहिले. लपून राहताना ज्यांनी आसरा दिला त्या साध्या माणसांच्या आठवणी त्यात आहेत. त्यांत कोणी मंत्री नाही, सेनापती नाही. ज्यांनी दार उघडले, अन्न दिले, अंथरूण दिले, आणि पोलिसांना उत्तर दिले नाही, अशी ही माणसे. राजघराण्यातील स्त्रीला गरिबांच्या घराची ओळख बहुधा दानधर्मातून होते. येथे दान घेणारी तीच होती. मला या पुस्तकाचे मोल वाटते ते याच कारणाने.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे दांपत्य देशाबाहेर गेले. प्रथम सोव्हिएत संघात आणि नंतर पूर्व जर्मनीत त्यांची सुमारे दोन तपे गेली.

दोन बहिणी

त्या अवधीत इराणमध्ये जे घडले ते साम्यवाद्यांना अडचणीत टाकणारे होते. तूदेने १९४४ मध्ये मागितलेला मताधिकार शाहने १९६३ मध्ये स्वतःच देऊन टाकला. १९६७ च्या कुटुंब-संरक्षण कायद्याने पुरुषाच्या एकतर्फी तलाकाला न्यायालयाचा लगाम घातला, दुसऱ्या लग्नावर बंधने आणली. १९७५ च्या सुधारित कायद्याने मुलींचे लग्नाचे वय १८ पर्यंत नेले. परंतु ज्या देशात निवडणुकाच नावापुरत्या, तेथे मताधिकाराला अर्थ किती? हद्दपारीतील विरोधकांचा हा आक्षेप खोटा नव्हता. तरी कौटुंबिक न्यायालयात उभ्या राहणाऱ्या स्त्रीला मिळालेले संरक्षणही खोटे नव्हते.

येथे मरियमच्या एका धाकट्या सावत्र बहिणीचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. सत्तारे फर्मानफर्माइयान या अमेरिकेत शिकून परतल्या आणि १९५८ मध्ये त्यांनी तेहरानमध्ये समाजकार्याचे विद्यालय काढले. कुटुंबनियोजन, अनाथालये, वस्त्यांतील सेवाकेंद्रे असे पुष्कळ काम त्यांनी राज्ययंत्रणेशी जुळवून घेऊन केले. १९७९ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच विद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्यांना पकडून क्रांतिकारकांच्या स्वाधीन केले. सुटका झाल्यावर त्यांनी देश सोडला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे सांगितले आहे. त्याच वर्षी मोठी बहीण देशात परत येत होती. एक बहीण सुधारणेच्या मार्गाने गेली, दुसरी क्रांतीच्या. एका घरातील दोन मुलींनी निवडलेले हे दोन मार्ग एकाच वर्षी एकाच नगरात एकमेकांना ओलांडून गेले.

१९७९ नंतर

क्रांतीच्या ऐन धामधुमीत, जानेवारी १९७९ मध्ये, कियानूरी तूदेचे प्रथम सचिव झाले. पक्ष देशात परतला. मरियम फिरूज यांनी स्त्रियांच्या लोकशाही संघटनेची धुरा घेतली. त्या पक्षाच्या मध्यवर्ती समितीवरही होत्या. तेथे स्त्री म्हणून त्या जवळजवळ एकट्याच.

आता घटनांचा क्रम पाहा. फेब्रुवारी १९७९ च्या अखेरीस, सत्तांतरानंतर दोन-तीन आठवड्यांतच, कुटुंब-संरक्षण कायदा स्थगित झाल्याची घोषणा झाली. स्त्रियांना न्यायाधीशपदावरून दूर करण्यात आले; पुढे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या शिरीन एबादी त्यांतल्याच एक. ७ मार्च रोजी आयतुल्ला खोमेनी यांनी सरकारी कचेऱ्यांत स्त्रियांनी हिजाब घालूनच यावे असे सांगितले. दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या आणि काही दिवस हे मोर्चे चालू राहिले. सरकारने तात्पुरती माघार घेतली. १९८० मध्ये कचेऱ्यांतील सक्ती प्रत्यक्षात आली. १९८२ मध्ये मुलींचे लग्नाचे वय नऊ चांद्र वर्षांवर आले. १९८३ च्या दंडसंहितेने हिजाब न घालणाऱ्या स्त्रीला चौऱ्याहत्तर फटक्यांपर्यंत शिक्षा ठेवली.

या चार वर्षांत तूदे पक्ष, आणि त्याच्याबरोबर मरियम फिरूज, राजवटीच्या पाठीशी उभ्या होत्या. मार्चमधील स्त्रियांच्या मोर्चांना पक्षाने पाठबळ दिले नाही. त्यामागील तर्क असा : ही क्रांती अमेरिकी साम्राज्यशाहीविरुद्ध आहे, खोमेनींचे नेतृत्व धार्मिक असले तरी ते साम्राज्यविरोधी आहे, त्याला दुर्बल करणे म्हणजे शाहच्या पुनरागमनाला वाट करून देणे, तेव्हा हिजाबासारख्या प्रश्नांवर आता झुंजू नये. १९५३ चा अनुभव ज्यांनी घेतला होता त्यांची ही भीती निराधार म्हणता येत नाही. सप्टेंबर १९८० मध्ये इराकने आक्रमण केल्यावर तर ती अधिकच रास्त वाटू लागली. पण या तर्काची चाल पाहण्यासारखी आहे. मताधिकार नंतर, कारण आधी साम्राज्यशाही. कायदा नंतर, कारण आधी युद्ध. आणि पुढे इतर विरोधी पक्ष चिरडले जात असतानाही मौन किंवा समर्थन, कारण आधी क्रांतीचे रक्षण. ‘आधी’ या शब्दाला अंत राहिला नाही.

मरियम फिरूज यांना स्त्रियांच्या हक्कांची चाड नव्हती असे मी म्हणणार नाही; त्यांचे सबंध आयुष्य तसे म्हणू देत नाही. अडचण रचनेत होती. १९४० च्या दशकात स्त्रियांची संघटना आणि पक्ष यांचे हित जुळत होते, म्हणून मागण्या ठामपणे मांडल्या गेल्या. १९७९ मध्ये ते जुळेनासे झाले, तेव्हा पक्षाविरुद्ध बोलण्याची सोयच त्या संघटनेत ठेवलेली नव्हती. पक्षाचे धोरण हेच संघटनेचे धोरण, आणि पक्षाचे प्रमुख हे संघटनेच्या प्रमुखांचे पती. फर्मानफर्मांच्या वाड्यात बाहेर निर्णय होई आणि आत कळवला जाई. त्या वाड्याविरुद्ध बंड करून निघालेल्या स्त्रीच्या संघटनेत अखेर हीच रीत शिरावी, ही या चरित्रातील मला सर्वांत खेदाची वाटणारी गोष्ट आहे.

तुरुंग आणि साक्ष

फेब्रुवारी १९८३ मध्ये तूदेच्या नेत्यांना पहाटे घरांतून उचलण्यात आले. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. मरियम फिरूज, कियानूरी आणि मरियमची एक मुलगीही त्यांत होती. एप्रिल-मेच्या सुमारास कियानूरी दूरदर्शनच्या पडद्यावर दिसले आणि त्यांनी देशद्रोहाची कबुली दिली. लगोलग पक्षावर बंदी आली. पुढील काळात पक्षाच्या अनेकांना मृत्युदंड झाला. १९८८ च्या उन्हाळ्यात तुरुंगांतून हजारो राजकीय कैद्यांना जे फासावर चढवले गेले, त्यांतही तूदेचे लोक होते. हे वृद्ध दांपत्य जिवंत राहिले.

त्या कबुल्या कशा मिळवल्या गेल्या हे १९९० मध्ये बाहेर आले. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी गालिंदो पोल इराणला गेले असता त्यांची कियानूरींशी भेट झाली. त्याच वर्षी कियानूरींनी सर्वोच्च नेते खामेनी यांना पत्र लिहून छळाचा वृत्तान्त कळवला. हात पाठीमागे बांधून टांगणे, तळपायांवर फटके, आणि सत्तरीच्या पत्नीलाही झालेली मारहाण. ऐकणे, गिळणे, बसणे हे साधे व्यवहारही मरियम यांना त्या मारहाणीनंतर अवघड झाले होते. एकांतवासाची दीर्घ वर्षे निराळीच.

आणि आता विद्यार्थी मित्रहो, मी तुमच्याकडे वळतो, कारण इतिहास शिकणाऱ्यांसाठी येथे एक कठीण धडा आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेहरानमध्ये कियानूरींच्या आणि पाठोपाठ मरियम फिरूज यांच्या ‘आठवणी’ पुस्तकरूपाने निघाल्या. त्या प्रश्नोत्तरांतून तयार झालेल्या आहेत, आणि उत्तर देणारी व्यक्ती बंदिवान होती. अशा पुस्तकाचे काय करावे? ते फेकून द्यावे, तर एका दीर्घ आयुष्याचा स्वतःच्या शब्दांतील तपशील आपण गमावतो. जसेच्या तसे स्वीकारावे, तर प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातील किल्ली आपण विसरतो. माझ्या मते मार्ग असा : बालपण, घर, विवाह, भावाची आठवण यांसारख्या ज्या गोष्टींत तुरुंगाधिकाऱ्याला रस नव्हता, तेथे ते वाचावे आणि अन्य साधनांशी ताडून पाहावे. पक्ष, सहकारी आणि पश्चात्ताप यांविषयीचा मजकूर पुरावा म्हणून वाचू नये. वाचलाच तर सत्तेला तिच्याकडून काय वदवून घ्यायचे होते, याचा पुरावा म्हणून वाचावा. ‘तेजस्वी चेहरे’ हे पुस्तक स्वेच्छेने लिहिलेले आहे, पण तेही पक्षाच्या अभिमानाने लिहिलेले. बहिणीच्या आत्मचरित्रातून ते घर दिसते, तेही दुसऱ्या खिडकीतून. ही साधने शेजारी ठेवली की व्यक्तीची आकृती थोडीफार स्पष्ट होते.

१९९० च्या दशकात दोघांना तुरुंगातून काढून पहाऱ्याखाली घरी ठेवण्यात आले. कियानूरी नोव्हेंबर १९९९ मध्ये वारले. मरियम फिरूज १२ मार्च २००८ रोजी तेहरानमध्ये निवर्तल्या. काजारांचा अस्त, दोन पहलवी शाह आणि इस्लामी प्रजासत्ताक या सर्व राजवटी त्यांनी पाहिल्या, आणि प्रत्येकीने त्यांच्याकडून काही ना काही हिरावून घेतले.

उपसंहार

मरियम फिरूज यांच्या आयुष्याचा निकाल देण्याचा अधिकार मला नाही. तरी आरंभी मांडलेल्या प्रश्नाविषयी माझे मत मी लपवणार नाही. राजकीय आणि सामाजिक यांत आधी-नंतर ठरवावे लागते, असे प्रसंग राष्ट्रांच्या जीवनात येतात. परंतु जो हक्क पुढे ढकलायचा, तो ज्यांचा आहे त्यांना विचारून ढकलला गेला पाहिजे, आणि तो परत मागण्यासाठी त्यांच्या हाती स्वतःची, दुसऱ्या कोणाच्या आज्ञेत नसलेली संघटना असली पाहिजे. मार्च १९७९ मध्ये तेहरानच्या स्त्रियांना कोणी विचारले नाही. त्या न विचारताच रस्त्यावर आल्या, आणि तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहण्याची ताकद ज्या संघटनांत होती त्या बाजूला झाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमीनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाल्यावर पुन्हा मुली रस्त्यावर आल्या. त्यांतील बहुसंख्य १९७९ नंतर जन्मलेल्या होत्या. ‘जन, जिंदगी, आजादी’ ही त्यांची घोषणा कुर्दी स्त्रियांच्या चळवळीतून आली होती, आणि तिचा पहिला शब्द ‘स्त्री’ हा आहे. आधी काय आणि नंतर काय, याचे त्या मुलींनी दिलेले उत्तर तेथेच दिसते.

बाईंनी या शाळेत मुलींचे वर्ग चालवले तेव्हा ‘आधी मुलगे शिकू देत, मग पाहू’ असे सांगणारे लोक त्यांनाही भेटले असतील. वर्ग थांबले नाहीत, हे समोर बसलेल्या विद्यार्थिनींकडे पाहून कळते. या मुलींपैकी एखादीने पुढे फारसी शिकून मरियम फिरूज यांची पुस्तके मुळातून वाचावीत आणि मी येथे मांडलेली मते तपासून पाहावीत, अशी इच्छा व्यक्त करतो.